योयो : प्राथमिक कौशल्ये

आखूड आसाने जोडलेल्या दोन सारख्या चकत्या आणि त्या आसाभोवती गुंडाळलेली दोरी, एवढाच योयोचा पसारा. दोरीचे मोकळे टोक बोटात अडकवून योयो फेकला की दोरी उलगडते, चकत्या गरगर फिरू लागतात आणि त्याच फिरकीच्या जोरावर दोरी पुन्हा गुंडाळली जाऊन योयो हातात परततो. नवशिक्याने शिकायच्या बहुतेक गोष्टी सरळ फेक आणि दोरीचा पीळ या दोहोंत येतात. करामती त्यानंतर.

खेळणे जुने आहे. बर्लिनच्या संग्रहालयातील इ. स. पू. सुमारे ४४० मधल्या एका ग्रीक पात्रावर योयो खेळणारा मुलगा रंगवलेला दिसतो. आजच्या खेळाची सुरुवात मात्र १९२८ मध्ये झाली. मूळचे फिलिपिन्सचे पेद्रो फ्लोरेस यांनी त्या वर्षी कॅलिफोर्नियात योयोचा कारखाना काढला. त्यांच्या योयोत दोरी आसाला घट्ट बांधलेली नव्हती, आसाभोवती फक्त सैल वेढ्यात बसवलेली होती. पुढे डोनाल्ड डंकन यांनी हा व्यवसाय विकत घेऊन अमेरिकाभर पसरवला.

त्या सैल वेढ्यातच सगळी किमया आहे. दोरी आसाला बांधलेली असेल तर योयो तळाला पोहोचताच उलटा वर येतो, त्याला थांबवता येत नाही. वेढा सैल असला की दोरी संपल्यावरही आस वेढ्यात घसरत राहतो आणि योयो तळाशी जागच्या जागी फिरतो. या स्थितीला ‘स्लीपर’ म्हणतात. हाताला हलका झटका दिला की योयो क्षणभर वर उसळतो, दोरीचा ताण सुटतो, ढिली झालेली दोरी आसाला व चकत्यांच्या आतल्या बाजूंना घासते, घर्षणाने पकडली जाते आणि गुंडाळू लागते. भोवऱ्याची दोरी फिरकी देऊन सुटून जाते, योयोची शेवटपर्यंत सोबत राहते. म्हणून तिच्याकडे सतत लक्ष द्यावे लागते.

निवड करताना एक फरक समजून घ्यावा. झटका देताच परत येतो तो ‘रिस्पॉन्सिव्ह’ योयो. नुसत्या झटक्याने न येणारा, दोन चकत्यांमध्ये रुंद खाच आणि आसावर बेअरिंग असलेला योयो ‘अनरिस्पॉन्सिव्ह’. दुसरा प्रकार खूप वेळ फिरतो, पण परत आणायला ‘बाइंड’ नावाची वेगळी कृती लागते. दिसायला देखणा म्हणून तो आधी घेतला तर नवशिक्याच्या हाती तळाशी फिरून निपचित पडणारा योयो येतो आणि बरेचजण तिथेच खेळ सोडतात. सुरुवात रिस्पॉन्सिव्हनेच करावी. साधारण ५५ ते ५७ मिमी व्यासाचा आणि ६० ते ६५ ग्रॅमचा योयो बहुतेक हातांना जमतो. वजन कडेकडे जास्त असेल तर फिरकी अधिक टिकते.

दोरी विकत मिळते तेव्हा ती जवळपास नेहमीच लांब असते. योयो पायाशी जमिनीवर टेकवून दोरी ताणावी, बेंबीच्या चार बोटे वर कापावी आणि त्या चार बोटांत टोकाला गाठ मारून लहान कडे करावे. लांब दोरी ठेवली तर योयो जमिनीवर आपटतो आणि हात अकारण उंच धरावा लागतो. आता येथे हमखास चूक होते: बोट त्या कड्यातच घातले जाते. ते कडे आवळत नाही, जोराच्या फेकीत बोटातून सुटून योयो उडू शकतो. कड्यातून दोरीच ओढून घेऊन सरकता फास करावा आणि तो मधल्या बोटाच्या पहिल्या व दुसऱ्या सांध्यांच्या मध्ये बसवावा. बोट निळसर पडू लागले तर फास लगेच सैल करावा.

योयो गुंडाळतानाही सैल वेढा त्रास देतो, कारण आस नुसता घसरत राहतो. तर्जनी खाचेवर आडवी धरून पहिले दोन-तीन फेरे बोटावरून घ्यावेत, मग बोट काढून उरलेली दोरी नेहमीसारखी गुंडाळावी.

फेक अशी: तळहात वर करून योयो हातात घ्यावा. दोरी बोटापासून निघून योयोच्या वरच्या बाजूने गेलेली असावी. ती खालून आलेली असेल तर योयो बोटांवरून नीट सुटत नाही. कोपर वाकवून, दंडाची बेटकुळी दाखवावी तसा हात कानाजवळ आणावा. तेथून हात सरळ पुढे-खाली आणावा, शेवटी मनगटाचा झटका द्यावा आणि योयोला बोटांवरून घरंगळू द्यावे. योयो सुटताच तळहात जमिनीकडे वळवावा. दोरी संपण्याच्या क्षणी हात किंचित वर उचलून धक्का झेलला तर योयो शांतपणे फिरत राहतो. ताठ हाताने फेकल्यास तो तळाशी उसळतो आणि आपोआप परत येतो. परत बोलावताना तळहात खालीच ठेवून छोटा झटका पुरतो. हात डोक्यापर्यंत नेण्याची गरज नसते.

योयो तळाशी तिरका होणे ही सर्वांत मोठी अडचण. हात छातीसमोरून आडवा आला किंवा मनगट बाजूला वळले की असे होते. तिरका योयो दोरीला एका कडेने घासतो आणि फिरकी झपाट्याने मरते. आरशासमोर उभे राहून हात खांद्याच्या रेषेत येतो का, हे पाहावे. स्लीपर सलग दहा सेकंद सरळ राहू लागेपर्यंत दुसरे काही शिकण्याची घाई करू नये.

फेक चांगली असूनही योयो तळाशी थांबत नसेल तर बहुधा दोरीचा पीळ वाढलेला असतो. खेळताना तो वाढतो किंवा सुटतो. तपासायला दोरीचा थोडा भाग सैल करून इंग्रजी ‘यू’सारखा लोंबू द्यावा. दोन्ही बाजू लगेच एकमेकींभोवती गुरफटल्या तर पीळ जादा आहे. फास बोटातून काढून योयो मोकळा लटकवला की तो स्वतःच फिरून जादा पीळ सोडतो. उलट पीळ फार उतरला तर वेढा इतका सैल होतो की झटका देऊनही योयो येत नाही. बाजारातील नेहमीच्या दोऱ्यांत, वरून पाहता, लटकलेला योयो घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवल्यास पीळ चढतो, उलट दिशेने उतरतो. दोरीला तंतू सुटलेले दिसले तर ती बदलावी, उद्यावर टाकू नये.

पुढची पायरी ‘वॉक द डॉग’. फिरता योयो हळूच गुळगुळीत फरशीला टेकवला की नेहमीच्या फेकीची फिरकी त्याला पुढे पळवते. खरखरीत जागी दोरी आणि कडा दोन्ही खराब होतात. ‘फॉरवर्ड पास’मध्ये योयो खाली न टाकता हात मागून पुढे झुलवून समोर फेकतात आणि तळहात वर करून झेलतात.

‘पाळणा’ आधी न फिरणाऱ्या, लटकलेल्या योयोवर गिरवावा. दोरीचा मधला भाग रिकाम्या हाताच्या बोटांवर घ्यावा. फेकीच्या हाताने योयोच्या वर वीतभर अंतरावर दोरी चिमटीत धरून तो हात उचलावा आणि रिकाम्या हाताची बोटे फाकवून त्रिकोण करावा. योयो त्या त्रिकोणातून झुलतो. मग सगळी दोरी एकदम सोडून, योयो तळाला गेल्यावर झटका द्यावा. घाईत फेरे अडकून गाठ पडली तर सुई किंवा टोकदार काडीने ती सोडवता येते, पण आसाजवळची गाठ ओढून घट्ट करू नये.

‘अराउंड द वर्ल्ड’मध्ये योयो संपूर्ण वर्तुळात फिरतो. दोरी आणि हात मिळून पल्ला दीड-पावणेदोन मीटरचा होतो, त्यामुळे पुढे, मागे व डोक्यावर निदान दोन मीटर मोकळी जागा हवी आणि दोरी नवी असावी. झिजलेली दोरी तुटते ती बहुतेक याच करामतीत.

बाइंडकडे या साऱ्यानंतर वळावे. फिरत्या योयोच्या खाचेत दोरीची एक घडी फिरकीच्याच दिशेने शिरवली की तेथे दोरीचा जाड थर होतो आणि तो दोन्ही चकत्यांना घासून पकडतो. घडी उलट दिशेने गेली तर ती नुसतीच घसरून बाहेर येते.