एएडी मुख्य पॅराशूट उघडत नाही

‘विसरलात तरी यंत्र पॅराशूट उघडतं’ हे एएडीबद्दलचं (विमानातून उडी मारणाऱ्याच्या पॅराशूटमधलं आपोआप चालणारं सुरक्षा यंत्र) ठरलेलं वाक्य. त्यात अर्धंच खरं आहे.

एएडी मुख्य पॅराशूटला हातही लावत नाही. ते असतं राखीव पॅराशूटच्या कप्प्यात. तो कप्पा दोरीच्या एका छोट्या लूपने बंद असतो. लूपमधून पिन गेलेली असते. ‘सायप्रस’ नावाच्या एएडीसारख्या यंत्राचा कटर छोट्या बारुदी स्फोटाच्या जोराने ती लूप कापतो. मग स्प्रिंगवालं पायलट च्यूट (छोटं मदतनीस पॅराशूट) उसळून बाहेर पडतं आणि राखीव पॅराशूट ओढून काढतं.

सायप्रसच्या अनुभवी उडीवाल्यांसाठीच्या प्रकारात कटर चालायला दोन अटी आहेत: उंची सुमारे 225 मीटर आणि वेग सेकंदाला साधारण 35 मीटरपेक्षा जास्त. खरी मेख दुसऱ्या अटीत आहे. मुख्य पॅराशूट अर्धवट फुगून गरगरत असेल, तर वेग त्याखाली राहू शकतो आणि यंत्र गप्प बसतं. बिघडलेलं पॅराशूट तोडून टाकणं तर त्याच्या कामातच नाही; त्यासाठीचं हँडल तुम्हालाच ओढायचं. आणि यंत्र चाललं तरी पूर्ण वेगात 225 मीटर म्हणजे जमिनीपासून जेमतेम चार-पाच सेकंद!

शिवाय यंत्र उंची मोजतं हवेच्या दाबावरून. म्हणून ते उडीच्या मैदानावरच चालू करायचं. घरी चालू करून वेगळ्या उंचीवरच्या मैदानात नेलं, तर यंत्राने धरलेली जमिनीची शून्य उंचीच चुकते.