लॅकर की इनॅमल? जुन्या रॉकेटवर स्प्रे मारायच्या आधी हे वाचा

मागच्या महिन्यात इकडे ओहायोत एका गराज सेलमध्ये एस्टेस कंपनीची जुनी बिग बर्था मिळाली, म्हणजे उडवायचं मॉडेल रॉकेट, चोवीस इंची, बाल्साच्या हलक्या लाकडाचे चार मोठे फिन, म्हणजे खालचे पंख, त्यातला एक मोडलेला. फिन चिकटवला, सगळं घासून काढलं, पांढऱ्या रंगाचा हात मारला आणि दुसऱ्या दिवशी हौसेने वर लाल मारला, तर पाच मिनिटांत अख्ख्या ट्यूबवर दुधावरच्या सायीसारख्या सुरकुत्या. बायको म्हणे, छान टेक्स्चर आलंय. पांढरा होता इनॅमल आणि लाल होता लॅकर, चूक सगळी माझीच.

आता ही चूक होते कशी, तर दोन्ही कॅन दुकानात शेजारीशेजारी असतात, दोन्हीवर ग्लॉस लिहिलेलं, दोन्हीवर फास्ट ड्राय लिहिलेलं. आणि ॲक्रिलिक हा शब्द बघून तर काहीच ठरवू नका, कारण ॲक्रिलिक लॅकर पण असतो आणि ॲक्रिलिक इनॅमल पण असतो. मागच्या बाजूचं बारीक अक्षरातलं वाचायचं, चष्मा लावून.

लॅकर म्हणजे नेलपेंट समजा. त्यातलं सॉल्व्हंट, म्हणजे रंग पातळ ठेवणारं द्रावक, उडून गेलं की रंग सुकला, बाकी आत काही बदलत नाही, म्हणून तर वर्षभराने रिमूव्हर लावलं तरी तो पुन्हा विरघळतो. दुसरा हात मारला की तो खालच्या हाताला थोडा विरघळवून त्यातच मिसळतो, त्यामुळे किती वेळाने मारायचा याची फार चिंता नाही. आपल्याकडे गाड्यांच्या रंगाला अजून सरसकट ड्यूको म्हणतात ना, तो मूळचा ड्युपॉन्टचा लॅकरच, 1920 च्या दशकात अमेरिकन गाड्यांवर आला आणि आधी रंगाला आठवडेच्या आठवडे लागायचे ते काम एकदम झटपट झालं.

इनॅमल म्हणजे दिवाळीच्या आधी खिडकीच्या ग्रिलला मारतो तो ऑइल पेंट. सॉल्व्हंट उडून जातं ते वेगळंच, पण खरं काम त्यानंतर सुरू होतं, हवेतल्या ऑक्सिजनशी रिॲक्शन होत होत तो दिवसेंदिवस कडक होत जातो. वरून हाताला लागत नाही म्हणून आपण खूश, पण नख दाबून बघा, खूण पडते. कॅनवर बरेचदा लिहिलेलं असतं की दुसरा हात एका तासाच्या आत मारा नाहीतर 48 तासांनंतर, मला आधी वाटायचं कंपनीवाले उगाच घाबरवतात. तसं नाहीये. तासाभरात सगळा थर ओलाच असतो, दोन्ही हात एकजीव होतात, पण मधल्या काळात वर पातळ कातडी धरलेली असते आणि खाली मऊ, अशात नवीन सॉल्व्हंट आत शिरलं की कातडी फुगते आणि चुरगळते. लॅकरचं सॉल्व्हंट तर अजून जहाल, त्यामुळे इनॅमलवर लॅकर नको म्हणजे नकोच. उलटं, म्हणजे सुकलेल्या लॅकरवर इनॅमल, बिनधास्त चालतं.

जुन्या रॉकेटवर कुणी काय मारलंय ते कळायला फिनच्या कोपऱ्यात ॲसिटोनवाल्या नेलपेंट रिमूव्हरचा बोळा घासून बघायचा. रंग सहज बोळ्यावर उतरला तर बहुतेक लॅकर, चुरगळला किंवा रबरासारखा झाला तर इनॅमल. नोजकोनवर, म्हणजे रॉकेटच्या टोकावर, हा प्रयोग करू नका, प्लॅस्टिकचा असेल तर तोच वितळायला लागेल.

माझं मत विचाराल तर एकाच रंगाचं रॉकेट असेल तर इनॅमल घ्या, मोठा कॅन स्वस्तात मिळतो आणि खालचे डाग चांगले झाकतो. पट्टे मारायचे असतील, मास्किंग टेप लावायची असेल तर लॅकर, तामिया कंपनीचे टीएस नावाचे लॅकरचे कॅन 100 मिलीचे छोटेसे असतात आणि महाग वाटतात, पण त्याच दिवशी टेप लावता येते. फक्त दमट हवेत लॅकर मारू नका, दुधाळ पडतो, पावसाळ्यात फर्निचरचं पॉलिश पांढरं पडतं अगदी तसं. आणि दोन्हीची वाफ पेट घेते, गराजमध्ये गॅसचा वॉटर हीटर असेल तर बाहेर अंगणात जा.

कुठलाही रंग घ्या, नोजकोनचा ट्यूबच्या आत जाणारा भाग टेपने झाकायचा. तिथे रंग बसला की कोन घट्ट होतो आणि वर गेल्यावर पॅराशूट आतच राहतं. शिवाय दोन-तीन जाड हातांनी वजन वाढतं ते वेगळं. रॉकेट उडवणाऱ्या मोटरवर सी6-5 असं काहीतरी लिहिलेलं असतं त्यातला शेवटचा 5 म्हणजे जळून संपल्यावर पॅराशूट फेकेपर्यंतचे सेकंद, जड झालेलं रॉकेट लवकर खाली वळतं, तेव्हा सी6-3 घेतलेलं बरं.

बर्था परत 220 च्या सँडपेपरने घासली, पांढरा इनॅमल पुन्हा मारला, आता लाल पण इनॅमलच आणलाय. रंगाचा वास पूर्ण गेला की तो पक्का सुकला, ही माझी टेस्ट, म्हणून रोज ऑफिसमधून आलो की बेसमेंटमध्ये जाऊन तिच्या जवळ नाक नेतो. आज सहावा दिवस, अजून येतोय.