लोहचुंबक न चिकटणारी गाडी: ॲल्युमिनियमच्या पत्र्याची पार्श्वभूमी

वडोदऱ्यातल्या मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका शेडमध्ये सध्या आमच्या घरची लँड रोव्हर उभी आहे. १९५५ची, ८६ इंची, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांत तेवढे अंतर असलेली. उजवे मडगार्ड आणि मागचा हौदा उतरवून ठेवला आहे. पहिल्या दिवशी मिस्त्रींनी खिशातून लोहचुंबक काढला आणि गाडीभर फिरवला. मडगार्डला चिकटला नाही, दारांच्या पत्र्याला नाही, बॉनेटच्या वरच्या पत्र्यालाही नाही. हौद्याच्या डाव्या कोपऱ्यावर मात्र टक्कन बसला. "इथे कुणीतरी लोखंड घातलंय, भाऊ," मिस्त्री म्हणाले आणि पुट्टी खरवडायला बसले.

नवा पत्रा बनवायचा तर मूळचा पत्रा असा का आहे, हे आधी कळायला हवे. त्यासाठी थेट १९४७पर्यंत मागे जावे लागते.

दुसरे महायुद्ध जिंकलेला ब्रिटन तेव्हा पुरता खंक झाला होता. पोलादाचे वाटप सरकारच्या हातात होते आणि माल निर्यात करून परकीय चलन आणणाऱ्या कारखान्यांना ते आधी मिळे. रोव्हर ही सुखवस्तू गिऱ्हाइकांसाठी मोटारी बनवणारी कंपनी. तिच्या सॉलिहलच्या कारखान्यात युद्धकाळात विमानांची हर्क्युलीस इंजिने तयार होत. युद्ध संपले, कारखाना मोठा आणि पोलाद तुटपुंजे, अशी गत झाली. कंपनीची तांत्रिक सूत्रे मॉरिस विल्क्स यांच्याकडे होती, थोरले बंधू स्पेन्सर व्यवस्थापकीय संचालक. अँगलसी बेटावरच्या आपल्या शेतावर मॉरिस लष्कराची जुनी विलिस जीप वापरत. तशीच, पण शेतकऱ्याच्या कामाची गाडी आपण का बनवू नये, असे भावाभावांचे ठरले. पहिला नमुना १९४७मध्ये जीपच्याच सांगाड्यावर उभा राहिला आणि ३० एप्रिल १९४८ रोजी ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनात लँड रोव्हर लोकांसमोर आली. कंपनीच्या नेहमीच्या मोटारींचा धंदा पुन्हा रुळावर येईपर्यंतची तात्पुरती सोय, एवढीच तिच्याकडून अपेक्षा होती.

विमाने वितळवून या गाड्या केल्या, असे पुष्कळदा सांगितले जाते. १९४० साली ब्रिटिश सरकारने घराघरांतून ॲल्युमिनियमची भांडी मागितली होती, "तुमच्या पातेल्यांची विमाने करू" म्हणून. त्यामुळे पातेल्याचे विमान आणि विमानाची गाडी ही साखळी मनाला पटते. मलाही ती आवडायची, कारण आमच्या आजीचे भाताचे पातेले "जर्मनचे" होते. ॲल्युमिनियमला तिच्या तोंडी दुसरा शब्दच नव्हता. खरे कारण मात्र साधे होते. पोलाद मिळत नव्हते आणि ॲल्युमिनियम मिळत होते. प्रेसचे मोठे साचे करायला पैसा आणि सवड नव्हती, म्हणून पत्रे सपाट ठेवले आणि वाक साधे दिले. चॅसिस, म्हणजे खालचा सांगाडा, पोलादाचीच, पण तीही पट्ट्या जोडून पेटीसारखी केलेली. इंजिन आणि माणसे यांच्या मधली भिंत पोलादी. बाकीचे अंग ॲल्युमिनियमचे, आणि हौद्याच्या कडांवर जस्त चढवलेल्या पोलादी पट्ट्या.

या पत्र्याचे नाव बर्माब्राइट. बर्मिंगहॅमच्या बर्मेटल्स कंपनीचा हा मिश्रधातू. त्याच्या निरनिराळ्या प्रकारांत १ ते ७ टक्के मॅग्नेशियम आणि थोडे मँगनीज असते; गाडीच्या पत्र्यात मॅग्नेशियम २ टक्क्यांच्या आसपास. खाऱ्या पाण्याला दाद देत नाही म्हणून हा बोटींसाठीही वापरत. आमच्या कामाच्या दृष्टीने त्याचा खरा गुण वेगळाच आहे. विमानातला ड्युरालुमिन तापवून, विझवून, मुरवत ठेवून कडक करता येतो. बर्माब्राइटला ते चालत नाही. तो कडक होतो फक्त लाटल्याने, वाकवल्याने, ठोकल्याने. तापवला की नरम पडतो आणि पुन्हा ठोकेपर्यंत नरमच राहतो. हे मी मुद्दाम लांबवून लिहितो आहे, कारण पुढची सगळी गोष्ट त्याच्यावर उभी आहे.

भारतात त्या काळी लँड रोव्हर बनत नव्हती. १९४७पासून महिंद्रांकडे विलिस जीपची जुळणी सुरू झाली. जीपचा पत्रा पोलादी. तिचे मडगार्ड तालुक्याच्या गावातही मिळे आणि तिथला कुणीही डेंटर ते सरळ करून देई. १९५३ला टॅरिफ कमिशन या सरकारी आयोगाच्या शिफारशी आल्या आणि इथे उत्पादनाचा कार्यक्रम नसलेल्या परदेशी कंपन्यांना गाशा गुंडाळावा लागला. १९५४मध्ये जनरल मोटर्सनेही इथले काम थांबवले. आयातीची दारे अशी बंद होत असताना आलेल्या लँड रोव्हरला पुढे सुटे भाग कुठून मिळणार? आमच्या मामांनी ही गाडी सत्तरच्या दशकात लिलावात घेतली, तेव्हापासून तिच्या प्रत्येक पोच्यावर पोलादाचा हात असलेल्या माणसानेच काम केले.

पोलादाचा हात ॲल्युमिनियमला दोन ठिकाणी मारक ठरतो. पोलाद तापले की लाल होते, कारागिराला डोळ्यांनी समजते. ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळते आणि तोवर रंग बदलत नाही; लाल व्हायची वाट पाहणाऱ्यासमोर पत्र्याचे भोक पडते. दुसरे नुकसान सावकाश होते. आमच्या हौद्याचा कोपरा फाटला होता, तो एका गॅरेजने लोखंडी पत्र्याचे थिगळ रिव्हेटने मारून आणि वर पुट्टी भरून गुळगुळीत करून दिला. आम्ही खूश होऊन घरी आलो. पण पोलाद आणि ॲल्युमिनियम एकमेकांना टेकले आणि मध्ये पाणी शिरले, की ती एक बारीकशी बॅटरीच होते आणि झिजते ते ॲल्युमिनियम. मूळच्या पट्ट्यांवर जस्त होते ते हाच झगडा टाळायला. थिगळावर काहीच नव्हते. २०१९च्या जुलैअखेरीस आणि पुन्हा २०२४च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्री नदीचे पाणी शहरात शिरले. दोन्ही वेळा गाडी हौद्याच्या वरपर्यंत गढूळ पाण्यात होती, आणि गाळ त्या थिगळामागे बसून राहिला. मिस्त्रींनी रिव्हेट छाटून थिगळ उचलले तेव्हा खाली पत्रा उरलाच नव्हता. पांढरी भुकटी होती, बोटाने चुरली की मैद्यासारखी. मामा हयात नाहीत. ते दृश्य त्यांना पाहावे लागले नाही याचे मला बरे वाटले.

तेव्हा प्रश्न उरला, ठोकून कोण देणार? वडोदऱ्यात हा प्रश्न सुटतो, आणि त्याला जुनी कारणे आहेत. सयाजीराव गायकवाडांनी १८९०मध्ये प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांच्या पुढाकाराने कलाभवन सुरू केले. हाताचे काम आणि त्यामागचे शास्त्र एका छपराखाली शिकवायचे, हा त्यामागचा विचार. दादासाहेब फाळके तिथे शिकले. १९४९मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ झाले आणि कलाभवनातून त्याची तंत्रज्ञान शाखा उभी राहिली. गावातले अनेक जुने कारखानदार आणि मिस्त्री कुठून तरी त्या वास्तूशी जोडलेले सापडतात. जुन्या गाड्यांचे वेडही इथे आहेच. जानेवारी २०२३मध्ये लक्ष्मी विलास राजवाड्याच्या आवारात देशभरातल्या जुन्या मोटारींचा मोठा मेळा भरला होता.

पण माझ्या मते या कामाचा खरा पूर्वज तांबट आहे. पुण्याच्या तांबट आळीत घंगाळावर, बंबावर एकेक ठोका शेजारी शेजारी देतात त्याला मठारणे म्हणतात. ते ठोके लखलखतात म्हणून आपण त्यांना नक्षी समजतो. ते तांब्याला कडक करण्यासाठी असतात. न मठारलेले घंगाळ पाण्याच्या वजनाने पोटात दबेल. तांबे आणि बर्माब्राइट या बाबतीत भाऊ-भाऊ. दोघांनाही ताकद येते ती ठोक्याने. म्हणूनच हाताने ठोकून केलेला पत्रा ही दुय्यम सोय आहे, असे मला वाटत नाही. या धातूला मानवणारी ती रीत आहे.

आमचे मिस्त्री आधी जुन्या मडगार्डवरून पुठ्ठ्याचे फर्मे कापतात. सपाट भाग बेंडिंग मशीनवर वाकवतात. त्यातही पत्रा ज्या दिशेने लाटला गेला त्या दिशेला आडवा वाक देतात, नाहीतर घडीवर बारीक तडे जातात. पुढच्या गोल कोपऱ्याचे काम हाताचे. तिथे पत्र्यावर साबणाची वडी कोरडी घासायची आणि खालून गॅसची ज्योत फिरवत ठेवायची. साबण पिवळा पडतो, मग तपकिरी होतो. तो काळा पडू लागला की ज्योत लगेच बाजूला. एवढ्यात धातू नरम पडलेला असतो. मग वाळूच्या पिशवीवर ठेवून लाकडी मोगरीने खोलगट करायचा, कडेच्या सुरकुत्या जिरवायच्या, आणि शेवटी खाली डॉली, म्हणजे टेकणाचा लोखंडी ठोकळा, धरून गुळगुळीत तोंडाच्या हातोडीने मठारायचा. पहिल्या फेरीत आवाज बोदा येतो, ओल्या मडक्यासारखा. ठोके पडत जातात तसा तो चढतो. खणखणीत वाजू लागला की मिस्त्री थांबतात. याहून जास्त ठोकले तर चीर जाईल.

पत्रा कुठला घ्यावा, यावर आमचे दोन दिवस गेले. भांड्यांसाठी चालतो तो साधा, जवळपास शुद्ध ॲल्युमिनियमचा पत्रा स्वस्त आणि वळायला सोपा, पण मडगार्डवर पाय ठेवला तर तिथेच बसेल. बर्माब्राइटला सर्वांत जवळचा मिश्रधातू ५२५१ क्रमांकाचा. इकडे ५०५२ सहज मिळतो, त्यात मॅग्नेशियम जरा जास्त, सव्वादोन ते पावणेतीन टक्के. आम्ही तोच घेतला, १.२ मिलिमीटर जाडीचा, म्हणजे जुन्या मापात १८ गेज. जिथे पोलादाला टेकतो तिथे मध्ये जस्ताचा प्रायमर आणि रबराची पट्टी. पोलादी कडा पुन्हा जस्तात बुडवून आणल्या.

मूळ आकार, मूळ जातीचा धातू आणि मूळ जागी जोड, हा आग्रह धरण्यामागे कायदाही आहे. जुलै २०२१च्या दुरुस्तीनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षे उलटलेल्या आणि मूळ रूपात जपलेल्या गाडीला 'व्हीए' अक्षरांची विंटेज नोंदणी मिळते. चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात फेरफार केलेला नसावा, अशी अट आहे.

उजवे मडगार्ड परवा बसले. बाहेरून घासून रंगासाठी तयार केले आहे. आतल्या बाजूला हातोडीचे ठोके ओळीने दिसतात. तेही घासून काढू का, असे मिस्त्रींनी विचारले. ते तसेच राहू द्या, असे मी सांगितले आहे.