आधी अट, मग ठपका: डायलिसिसवरील रुग्णाच्या मनाची दखल

मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णाने पाणी मोजून प्यावे, मीठ आवरावे, जेवणाबरोबर फॉस्फरस रोखणाऱ्या गोळ्या घ्याव्यात आणि डायलिसिसची पाळी चुकवू नये, हे आज प्रत्येकाला बजावले जाते. हे पाळण्या-न पाळण्याशी त्याच्या मनःस्थितीचा काय संबंध आहे, हा प्रश्न मात्र वैद्यकाने प्रारंभी उलट्या बाजूने विचारला.

विलेम कोल्फ यांनी 1943 च्या सुमारास नेदरलँड्समध्ये घडवलेले कृत्रिम मूत्रपिंड तात्पुरत्या बिघाडापुरतेच उपयोगी होते, कारण दर वेळी नवी रक्तवाहिनी उघडावी लागे. 1960 मध्ये सिएटलच्या बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी हातात कायम ठेवता येणारी टेफ्लॉनची नळी वापरात आणली आणि वर्षानुवर्षे डायलिसिस करणे शक्य झाले. यंत्रे मोजकी आणि गरजू पुष्कळ असल्याने 1962 मध्ये तेथे सुरू झालेल्या केंद्रात कोणाला घ्यायचे हे सात जणांची समिती ठरवू लागली. वकील, धर्मोपदेशक, बँकर, गृहिणी, कामगार नेता अशा या मंडळींपुढे वय, पदरी असलेली मुले आणि उत्पन्न यांच्याबरोबर उमेदवाराचे भावनिक स्थैर्यही तोलले जाई. मन हा उपचाराचा विषय होण्याआधी प्रवेशाची अट झाला होता.

अमेरिकेत 1972 च्या कायद्याने बहुतेक रुग्णांचा खर्च सरकारने उचलला, तेव्हा ही निवड मागे पडली आणि सर्व स्वभावांची माणसे यंत्राशी बांधली गेली. त्याच सुमारास मानसशास्त्रीय अभ्यास वाढले. हॅरी अ‍ॅब्राम आणि सहकाऱ्यांनी 1971 मध्ये डायलिसिस रुग्णांमधील आत्मघाताचा आढावा घेतला, त्यात पथ्य झुगारून ओढवलेले मृत्यूही मोजले. जेरुसलेममध्ये कप्लान डी-नूर आणि चाचकेस यांनी 1972 मध्ये पथ्य मोडण्याची कारणे व्यक्तिमत्त्वात शोधली. पुढे नॉर्मन लेव्ही यांनी या क्षेत्राला सायकोनेफ्रॉलॉजी (मूत्रपिंडाच्या रुग्णांच्या मनाचा अभ्यास) हे नाव रूढ केले. हे काम मोलाचे खरे, पण त्यातून ‘रुग्ण ऐकत नाही’ या ठपक्याला शास्त्राचा आधार मिळाला, असे मला वाटते. दोन पाळ्यांमध्ये अंगात साठलेल्या पाण्याने वाढलेले वजन काट्यावर दिसते आणि बोलणी रुग्णाला बसतात. परंतु तहान मुख्यतः पोटात गेलेल्या मिठाने लागते, आणि घरच्या ताटातील लोणचे-पापड काही एकट्या रुग्णाने ठरवलेले नसतात.

भारतात या उपचाराची चर्चा घरोघरी पोहोचली ती बहुधा जयप्रकाश नारायण यांच्या आजारपणामुळे. आणीबाणीतील स्थानबद्धतेत मूत्रपिंडे निकामी झाल्यावर त्यांना 1975 च्या अखेरीस मुंबईच्या जसलोक रुग्णालयात आणले गेले, आणि 1979 मध्ये निधन होईपर्यंत ते डायलिसिसवर होते. सामान्य कुटुंबाला मात्र तेव्हा आणि नंतरही खर्चच आधी आडवा येई. आठवड्याला तीनऐवजी दोनच पाळ्या घेणाऱ्याला बेपर्वा म्हणणे अनेकदा अन्यायाचे असते. 2016 मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाने जिल्हा रुग्णालयांत गरिबांसाठी मोफत सोय केली, तरी गावाहून येण्या-जाण्याचे भाडे, बुडालेली मजुरी आणि सोबत येणाऱ्याचा दिवस हे ओझे शिल्लक राहतेच.

नैराश्याकडे लक्ष वळायला याहून अधिक वेळ लागला, कारण थकवा, झोप न येणे, भूक मंदावणे ही त्याची लक्षणे रक्तात साठलेल्या विषारी द्रव्यांमुळेही दिसतात. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक आढाव्यानुसार डायलिसिसवरील रुग्णांपैकी, प्रत्यक्ष मुलाखत घेऊन निदान केल्यास, सुमारे 23 टक्क्यांना नैराश्य असते. प्रश्नावली वापरल्यास हे प्रमाण 39 टक्क्यांपर्यंत जाते. पॉल किमेल आणि सहकाऱ्यांनी 2000 मध्ये दाखवले की वारंवार मोजलेल्या नैराश्याचा मृत्यूच्या जोखमीशी संबंध आहे. 2019 मधील एका अमेरिकन चाचणीत डायलिसिसच्या खुर्चीतच, यंत्र चालू असताना, बोधात्मक वर्तन उपचार (संवादातून विचार आणि वागण्याच्या सवयी बदलण्याचे उपचार) देण्यात आले आणि सर्ट्रालीन या नैराश्यावरील गोळीशी त्यांची तुलना झाली. बारा आठवड्यांनी गोळी किंचित सरस ठरली, पण तिचे दुष्परिणामही अधिक होते. त्याच चाचणीच्या आधीच्या टप्प्यात मन वळवण्यासाठी खास मुलाखत घेतलेल्या गटातही साधारण एकतृतीयांश जणांनी उपचार सुरूच केले नाहीत, आणि मुलाखत न घेतलेल्या गटाचे प्रमाण जवळजवळ तेवढेच होते.