द्राक्षवेलीकडे आहे, आपल्याकडे नाही

तासगाव भागात एप्रिलमध्ये खरड छाटणी उरकली की काड्यांवर कोवळे फुटवे येतात. फेलफुटी म्हणजे नको असलेले फुटवे काढायला येणाऱ्या बायका साडीवर पूर्ण बाह्यांचा शर्ट, डोक्याला स्कार्फ अशा बंदोबस्तात असतात. पानं मात्र दिवसभर उघडीच.

उन्हातले अतिनील किरण डीएनएची एक ठरावीक खोडी काढतात. साखळीत शेजारी-शेजारी असलेले दोन थायमिन (डीएनएच्या चार अक्षरांपैकी एक) एकमेकांना चिकटतात. तिथे साखळीला बाक येतो आणि डीएनएची नक्कल करणारं विकर (एन्झाइम) त्या जागी अडतं.

वेलीकडे यावर नामी इलाज आहे: फोटोलायेज. हे विकर अंधारातही चिकटलेली जागा शोधून धरून बसतं, पण काम करतं उजेडातच. निळा प्रकाश शोषला की त्या ऊर्जेवर ते एक इलेक्ट्रॉन जोडीत ढकलतं; बंध सुटतात, इलेक्ट्रॉन परत येतो. सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्या आत सगळं आटोपतं! कापायचं काही नाही, भरायचं काही नाही. अतिनील किरणांनी केलेला बिघाड त्याच उन्हातला निळा प्रकाश निस्तरतो.

माणसाकडे फोटोलायेज नाही. गाईकडे, मांजराकडेही नाही, कांगारूकडे आहे. डायनासोरांच्या काळात आपले सस्तन पूर्वज रात्रीच हिंडत, म्हणून ते गळालं असावं, असा एक अंदाज आहे. पण कांगारूंचे पूर्वजही तेव्हा निशाचरच असणार, त्यामुळे मला तो अर्धाच पटतो.

आपली पद्धत लांबची. बिघडलेल्या जागेच्या अलीकडे-पलीकडे त्याच धाग्यावर काप घ्यायचे, सुमारे 24 ते 32 न्यूक्लिओटाइडांचा (साखळीच्या कड्यांचा) तुकडा काढून टाकायचा, समोरचा धागा बघून जागा भरायची आणि लायगेज या जोडणाऱ्या विकराने सांधायची. बिघडलेली दोन, फेकायची तीसेक! त्यासाठी डझनभराहून जास्त प्रथिनं राबतात आणि वेळ तासांत मोजावा लागतो. त्यांतलं एखादं जन्मतःच सदोष असेल, तर झेरोडर्मा पिग्मेंटोसम हा आजार होतो. अशा मुलांना बालपणीच त्वचेचा कर्करोग गाठू शकतो.

तुर्कस्तानात जन्मलेल्या अझीझ सांजार यांनी या दोन्ही दुरुस्त्यांचा तपशील उलगडला. 2015 च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये लिंडाल आणि मॉड्रिच यांच्यासोबत त्यांचा वाटा होता.

फोटोलायेजचा एक भाऊबंद मात्र आपल्या पेशींत उरलाय: क्रिप्टोक्रोम. तो डीएनए दुरुस्त करत नाही, शरीराचं दिवस-रात्रीचं घड्याळ चालवायला मदत करतो. उंदराच्या त्वचेत काप घेऊन होणारी दुरुस्ती याच घड्याळाप्रमाणे पहाटे मंदावते आणि संध्याकाळच्या सुमारास जोर धरते, हे सांजार यांच्याच प्रयोगशाळेने 2011 मध्ये दाखवलं. उंदीर निशाचर, त्यामुळे माणसात हे वेळापत्रक उलटं असावं, असं त्यांचं म्हणणं.