युकॉन गोल्ड (बटाट्याचं वाण)

युकॉन गोल्ड हे पिवळ्या गराच्या, खाण्यासाठी लावल्या जाणाऱ्या बटाट्याचं कॅनडात तयार झालेलं वाण आहे. ओंटारिओतल्या ग्वेल्फ विद्यापीठात गॅरी जॉन्स्टन यांनी ते विकसित केलं. मूळ संकराचं साल बहुतेक ठिकाणी १९६६ दिलेलं असतं आणि १९८० मध्ये ते अधिकृतपणे बाजारात आलं. चाचणीच्या काळात त्याचा क्रमांक जी६६६६-४वाय असा होता. त्यातलं जी म्हणजे ग्वेल्फ, पहिले ६६ म्हणजे साल, पुढचे ६६ म्हणजे त्या वर्षीचा संकर क्रमांक, ४ म्हणजे निवडलेलं रोप आणि वाय म्हणजे पिवळा गर, असा अर्थ लावतात. वाणाचं नाव कॅनडातल्या युकॉन भागावरून आणि तिथल्या सोन्याच्या शोधावरून दिलंय.

या वाणाचा पिवळा रंग नेमका आला कुठून, यावर दोन प्रकारची माहिती सापडते. सगळीकडे सांगितली जाणारी हकिगत अशी की १९५० च्या दशकात दक्षिण ओंटारिओत येऊन वसलेले डच आणि बेल्जियन शेतकरी आपल्याकडच्यासारखा पिवळा बटाटा इथे का मिळत नाही म्हणून विचारायचे, आणि पुढे पेरूहून आलेल्या एका विद्यार्थ्याने जॉन्स्टनना तिथल्या छोट्या, खडबडीत, गडद पिवळ्या बटाट्याबद्दल सांगितलं. युरोपीय शेतकऱ्यांच्या मागणीचा भाग पटण्यासारखा आहे, कारण उत्तर अमेरिकेत तेव्हा पांढऱ्या गराचाच बटाटा चालायचा. पण पेरूचा बटाटा थेट या वाणात आला असं मात्र वंशावळीत दिसत नाही. वंशावळीप्रमाणे मादी पालक म्हणजे नॉर्थ डाकोटातलं नॉरग्लीम, आणि परागकण डब्ल्यू५२७९-४ या संकरित रोपाचे. हे रोप अमेरिकेच्या कटाडिन वाणापासून मिळवलेलं अर्ध्या गुणसूत्रांचं रोप आणि येमा दे उएवो या दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातल्या बटाट्याच्या संकरातून झालेलं. येमा दे उएवो हा फुरेहा गटातला बटाटा असून तो मुख्यतः कोलंबियाचा म्हणून ओळखला जातो. त्यामुळे मूळ सांगताना नुसतं पेरू म्हणण्यापेक्षा अँडीजचा फुरेहा गट म्हणणं जास्त बरोबर वाटतं.

इथे गुणसूत्रांचा जो प्रकार घडला तो समजून घेण्यासारखा आहे. नेहमीच्या बटाट्यात गुणसूत्रांचे चार संच म्हणजे ४८ गुणसूत्रं असतात, फुरेहात दोनच संच म्हणजे २४, आणि कटाडिनपासूनच्या त्या रोपातही २४ च, म्हणून त्या दोघांचा संकर सहज जमला आणि डब्ल्यू५२७९-४ मध्येही २४ च आली. पण हे रोप ४८ वाल्या नॉरग्लीमशी जोडलं तर साध्या हिशोबाने अपत्यात ३६ यायला हवीत, आणि बटाट्यात असं बी बहुतेक वेळा धरतच नाही. तरी युकॉन गोल्डमध्ये पूर्ण ४८ आहेत. याचं सर्वमान्य स्पष्टीकरण असं की अशा काही रोपांत परागकण तयार होताना गुणसूत्रं निम्मी होत नाहीत, ती २४ ची २४ च राहतात, आणि नॉरग्लीमच्या २४ मध्ये मिळून ४८ होतात. म्हणजे पैदासकाराला अँडीजचे गुण एका झटक्यात नेहमीच्या बटाट्यात आणता आले, आणि ही वाट पुढे इतरांनाही उपयोगी पडली.

रंगाचं जनुक तिसऱ्या गुणसूत्रावर आहे आणि ते प्रभावी असल्यामुळे पांढऱ्या गराच्या नॉरग्लीमशी संकर होऊनही अपत्यात पिवळेपणा उतरला. हा रंग ल्युटीन, व्हायोलॅक्झांथिन अशा कॅरोटेनॉइड नावाच्या रंगद्रव्यांचा, ज्यापासून शरीरात अ जीवनसत्त्व बनतं त्या बीटा कॅरोटीनचा अंश अगदी थोडा. त्यामुळे पिवळा आहे म्हणजे अ जीवनसत्त्व भरपूर, असं जे लिहिलेलं दिसतं त्याला आधार नाही.

बटाटा लंबगोल, थोडा चपटा, साल गुळगुळीत पिवळसर, डोळे उथळ आणि गुलाबी. या गुलाबी डोळ्यांवरून वाण पटकन ओळखता येतं. उकडून, भाजून, कुस्करून, तळून सगळ्याला चालतो, पातळ वेफर्ससाठी मात्र फारसा घेत नाहीत.

लागवडीत याचा स्वभाव ओळखूनच काम करावं लागतं. हे वाण मध्यम लवकर तयार होतं. झाडाला बटाटे कमी लागतात पण मोठे होतात, आणि मोठे झाले की आत पोकळी पडते, हा याचा सगळ्यात मोठा दोष. ताण पडून मग एकदम पाणी आणि खत मिळालं, वाढ अचानक सुसाट झाली की पोकळी जास्त येते, म्हणून रोपं जवळ लावतात, साधारण २० ते २५ सेंटीमीटरवर, नायट्रोजन बेताने देतात आणि ओल एकसारखी ठेवतात. डोळे कमी असतात म्हणून बेणं कापताना फोडी फार लहान करू नयेत आणि प्रत्येक फोडीवर निदान एक चांगला डोळा आहे हे बघावं. फुरेहा गटातल्या बटाट्याला सुप्तावस्था जवळजवळ नसते, काढल्या काढल्या मोड येतात, आणि त्याच्या या वंशजात मात्र सुप्तावस्था चांगली लांब आहे. त्यामुळे साठवणुकीला हे वाण चांगलं, पण लावण्याआधी बेणं थोडं उबेत ठेवून मोड येऊ दिले नाहीत तर उगवण रेंगाळते.

सालीवर खरखरीत खपल्या पाडणारा खवड्या रोग याला सहज होतो. माती किंचित आम्ल असली आणि बटाटे धरायच्या वेळी जमीन ओली राहिली तर तो कमी राहतो. बटाट्यावर येणाऱ्या वाय नावाच्या विषाणूलाही हे वाण बळी पडतं, म्हणून प्रमाणित बेणंच वापरावं. हवेतल्या ओझोनने पानं करपतात, त्याकडे बरेचदा रोग म्हणून बघितलं जातं आणि नको तिथे फवारणी होते. उशिराच्या करप्याला विशेष प्रतिकार नाही.

साठवण अंधारात करतात, उजेडात साल हिरवी पडते आणि सोलॅनिन हे विषारी द्रव्य वाढतं. फार थंडीत ठेवलं तर स्टार्चची साखर होते आणि तळताना तुकडे काळपट पडतात, म्हणून तळायचा माल बेण्यापेक्षा थोड्या जास्त तापमानात ठेवतात. पुढच्या पैदाशीतही याचा वापर झालाय, युकॉन जेम हे वाण याच्यापासूनच आलेलं.