दीर्घकालीन मूत्रपिंड विकार : जोखीम आणि रुग्णालयातील काळजी

मूत्रपिंडाच्या रचनेत किंवा कामात झालेला बिघाड तीन महिन्यांहून अधिक काळ टिकला, तर त्याला दीर्घकालीन मूत्रपिंड विकार म्हणतात. रोजच्या बोलण्यात त्याचे नाव ‘किडनीचा त्रास’ असते किंवा नुसतेच ‘क्रिएटिनिन वाढलंय’. तीन महिन्यांची अट महत्त्वाची आहे. जुलाब, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा जंतूंचा ताप), घोणसचा दंश, प्रसूतीतला रक्तस्राव यांमुळे मूत्रपिंडे अचानक बंद पडतात आणि पुष्कळदा पुन्हा सुरूही होतात. तो तात्कालिक विकार वेगळा. पण असा झटका येऊन गेलेल्यांना पुढे दीर्घकालीन विकार जडण्याची शक्यता वाढते, म्हणून घरी सोडताना ‘आता सगळे ठीक’ म्हणून फाइल बंद करणे बरोबर नाही. २०१७ सालच्या जागतिक अंदाजानुसार जगात सुमारे ७० कोटी लोकांना दीर्घकालीन विकार होता आणि त्यांपैकी सुमारे साडेअकरा कोटी भारतात होते.

प्रत्येक मूत्रपिंडात सरासरी दहा लाख नेफ्रॉन, म्हणजे गाळणीची सूक्ष्म एकके असतात. दोन्ही मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला दीड-दोन लिटर सोडून बाकीचा रक्तात परत घेतात. काही नेफ्रॉन मेले तर उरलेले त्यांचे काम उचलतात. त्यामुळे निम्मी क्षमता गेली तरी माणसाला काही जाणवत नाही. पायांवर सूज, भूक मरणे, मळमळ, खाज, जिना चढताना धाप ही लक्षणे दिसू लागतात तेव्हा बहुधा फार उशीर झालेला असतो. लघवी नीट होते म्हणून किडनी ठीक, हा समज फसवा आहे; डायलिसिस सुरू करायची वेळ आलेल्या कित्येकांना लघवी भरपूर होत असते.

निदानाला दोन साध्या तपासण्या पुरतात : रक्तातले क्रिएटिनिन आणि लघवीतले अल्ब्युमिन हे प्रथिन. क्रिएटिनिनचा आकडा मात्र एकटा वाचू नये. हा टाकाऊ पदार्थ स्नायूंतून येतो, त्यामुळे वय आणि लिंग धरून गाळण्याचा वेग काढावा लागतो. क्रिएटिनिन १.२ असेल तर पंचवीस वर्षांच्या पुरुषात हा वेग मिनिटाला ८५ मिलिलिटरच्या आसपास येतो, आणि पासष्ट वर्षांच्या बाईत तोच आकडा जेमतेम ५० चा वेग दाखवतो. अहवालावर मात्र दोघांच्याही पुढे ‘नॉर्मल’ छापलेले असू शकते. वेग ६० च्या खाली तीन महिने राहिला, किंवा लघवीत एक ग्रॅम क्रिएटिनिनमागे ३० मिलिग्रॅमहून जास्त अल्ब्युमिन सतत जात राहिले, तर विकार आहे असे मानतात. वेग १५ च्या खाली गेला की शेवटचा टप्पा.

जोखमीचे घटक

मधुमेह आणि उच्च रक्तदाब ही भारतातली दोन सर्वांत मोठी कारणे. मधुमेहात गाळणीच्या केशवाहिन्यांवर आधी दाब वाढतो, मग अल्ब्युमिन झिरपू लागते आणि वर्षानुवर्षांनी गाळणी घट्ट होऊन बंद पडते. रक्तदाबाचे नाते दुहेरी आहे : तो मूत्रपिंड बिघडवतो आणि बिघडलेले मूत्रपिंड तो आणखी वाढवते. तिशीच्या आतल्या माणसाचा रक्तदाब वाढलेला आढळला तर मूत्रपिंडे तपासल्याशिवाय नुसती गोळी सुरू करू नये. यांशिवाय गाळणीची सूज (त्यात आयजीए नेफ्रोपॅथी वारंवार आढळते), वंशपरंपरेने येणारा गाठींचा विकार, मुतखडे, वाढलेल्या प्रोस्टेटमुळे तुंबणारी लघवी आणि मुलांमध्ये मूत्राशयातून उलट वर चढणारी लघवी हीही कारणे आहेत. जन्मतः वजन कमी असलेल्या बाळाला नेफ्रॉनच कमी मिळालेले असतात. कुपोषित आईच्या पोटी जन्मलेल्या मुलाला पन्नाशीत मधुमेह झाला की ही तूट उघडी पडते.

औषधांमुळे होणारे नुकसान टाळता येण्यासारखे असते, म्हणून त्यावर जास्त लिहायला हवे. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारखी वेदनाशामके मूत्रपिंडात रक्त नेणाऱ्या वाहिनीला सैल राहू देत नाहीत. तरुण, धडधाकट माणसाला दोन दिवसांत काही होत नाही. पण रक्तदाबाची गोळी आणि लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्या वृद्धाने गुडघेदुखीसाठी महिनोन्‌महिने ती घेतली तर मूत्रपिंड दबते. ‘झाडपाल्याचे आहे, अपाय नाही’ हेही खरे नाही. ईश्वरी किंवा सापसंद या वेलीच्या कुळात अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल असते. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये वजन घटवण्याच्या गोळ्यांत या कुळातली वनस्पती मिसळली गेली आणि अनेक स्त्रियांची मूत्रपिंडे कायमची निकामी झाली. अशुद्ध भस्मांतले शिसे-पारा आणि पारा घातलेली गोरेपणाची मलमे यांमुळेही लघवीतून प्रथिने जाऊ लागतात.

यांतले कुठलेच कारण न सापडणारा एक प्रकार आहे. मध्य अमेरिकेत एल साल्वादोर आणि निकाराग्वा येथील ऊसतोडणी करणारे तरुण पुरुष, श्रीलंकेच्या उत्तर-मध्य प्रांतातले भातशेतकरी, आंध्र प्रदेशात श्रीकाकुलम जिल्ह्यातला उद्दानम हा नारळ-काजूचा पट्टा आणि गोव्यातला काणकोण तालुका या ठिकाणी मधुमेह-रक्तदाब नसलेल्या कष्टकऱ्यांत तो दिसतो. उद्दानमजवळ पलासा येथे २०२३ मध्ये त्यासाठी २०० खाटांचे रुग्णालय उभे राहिले. कारणावर एकमत नाही : उन्हात कष्ट करताना वारंवार होणारे निर्जलीकरण, भूजलातले क्षार वा सिलिका, कीटकनाशके असे अनेक संशयित आहेत. मध्य अमेरिकेत उष्णतेचा सिद्धान्त सर्वांत मजबूत ठरला असून तिथे सावली, पाणी आणि सक्तीची विश्रांती देण्याचे प्रयोग झाले आहेत. महाराष्ट्रातली ऊसतोड मात्र बरीचशी थंडीत होते, त्यामुळे तिथला निष्कर्ष इथे सरळ चिकटवता येत नाही. विदर्भात पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात खाऱ्या पाण्याचा आणि किडनीच्या आजाराचा संबंध गावकरी वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. ती केवळ अफवा म्हणून बाजूला टाकणे सोपे असले तरी योग्य नाही.

ऱ्हास मंदावणारे उपचार

मेलेले नेफ्रॉन परत येत नाहीत. उपचार उरलेले वाचवण्यासाठी असतात. एसीई-रोधक आणि सार्टान या गटांतल्या रक्तदाबाच्या गोळ्या गाळणीतला दाब उतरवतात. त्या सुरू केल्यावर क्रिएटिनिन थोडे वाढते, आणि नेमके तेव्हाच घाबरून पुष्कळ जण त्या सोडून देतात. साधारण ३० टक्क्यांपर्यंतची वाढ स्वीकारली जाते. २०१९ व २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचण्यांत कॅनाग्लिफ्लोझिन आणि डापाग्लिफ्लोझिन या मुळात मधुमेहाच्या औषधांनी हा ऱ्हास मंदावल्याचे दिसले. डापाग्लिफ्लोझिनचा फायदा मधुमेह नसलेल्यांनाही झाला. आहारात मीठ कमी करणे हा सर्वांत स्वस्त उपाय. सैंधवही मूलतः सोडियमच आहे. ‘लो-सोडियम’ मिठात त्याच्या जागी पोटॅशियम घातलेले असते, त्यामुळे या रुग्णांना ते धोक्याचे ठरू शकते. ‘भरपूर पाणी पिऊन किडनी धुवा’ हा सल्ला मुतखडेवाल्याला लागू पडतो, सूज आलेल्याला नाही.

रुग्णालयातील काळजी

हा रुग्ण बहुतेक वेळा दुसऱ्याच कारणाने भरती होतो : न्यूमोनिया, मोडलेला खुबा, हृदयविकार, मोतीबिंदू. उरलेसुरले मूत्रपिंड वॉर्डातल्या नेहमीच्या गोष्टींमुळे जाऊ शकते, त्यामुळे इथली निम्मी काळजी काय करायचे नाही याची असते. वेदनेसाठी डायक्लोफेनॅकचे इंजेक्शन न देता पॅरासिटामॉल. जेंटामायसिन, अमिकासिन ही प्रतिजैविके गरज असेल तरच आणि मात्रा मोजून. सीटी स्कॅनमध्ये रंगद्रव्य द्यायचे असेल तर आधी शरीरात पाण्याची कमतरता नाही ना, हे पाहणे. पण जीव वाचवणारा स्कॅन क्रिएटिनिनच्या धास्तीने अडवून ठेवणे हीही चूकच. गाळण्याचा वेग ३० च्या खाली असेल तर मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी बंद. गॅबापेंटिन, प्रीगाबालिन, बॅक्लोफेन आणि मॉर्फिन ही औषधे शरीरात साचतात. रुग्ण गुंगतो, हातपाय झटकतो, आणि नातेवाइकांना वाटते पक्षाघात झाला. इन्सुलिनही मूत्रपिंडातून नाहीसे होते, म्हणून आजार वाढेल तशी त्याची मात्रा घटवावी लागते. अनेक वर्षांचा मधुमेह ‘आपोआप आटोक्यात आला’ असे वाटले, तर त्याचा अर्थ पुष्कळदा हाच असतो.

दुसरी गोष्ट शिरांची. पुढे डायलिसिस लागणाऱ्या माणसाच्या मनगट ते कोपर या भागातल्या शिरा राखून ठेवायच्या असतात, कारण तिथेच धमनी व शीर जोडून फिस्टुला बनवतात. १९६६ मध्ये ब्रेशिया आणि चिमिनो यांनी प्रसिद्ध केलेली ही पद्धत अजूनही सर्वोत्तम मानली जाते. ती शीर सुईसाठी तयार व्हायला सहा ते आठ आठवडे लागतात. म्हणून सलाइनची सुई शक्यतो तळहाताच्या मागच्या बाजूला टोचावी. फिस्टुलाच्या हातावर रक्तदाबाचा पट्टा, रक्ततपासणी, सलाइन यांतले काहीही नको, आणि शिफ्ट बदलताना सिस्टरने त्यावर बोटे ठेवून थरथर लागते का हे पाहायचे. भारतात पुष्कळ रुग्णांची डायलिसिसची सुरुवात मानेतल्या तात्पुरत्या कॅथेटरने, आणीबाणीत होते. त्यातून रक्तात जंतुसंसर्ग होण्याचा धोका मोठा असतो. फिस्टुलाची शस्त्रक्रिया पुढे ढकलत राहण्याचे कारण कधी पैसा असते, कधी ‘एकदा मशीनवर गेलं की संपलं’ ही भीती.

रोज एकाच काट्यावर सकाळचे वजन घेणे हे इनटेक-आउटपुटच्या तक्त्यापेक्षा अधिक भरवशाचे. तक्त्यात भेटायला आलेल्या मंडळींनी पाजलेला चहा आणि शहाळे लिहिले जात नाही. शहाळे तर वेगळ्याच कारणाने घातक : एकात साधारण अर्धा ग्रॅम पोटॅशियम असते. रक्तातले पोटॅशियम ६.५ च्या पुढे गेले की हृदयाचे ठोके केव्हाही बिघडू शकतात; तेव्हा ईसीजी काढून हृदयाच्या रक्षणासाठी कॅल्शियम ग्लुकोनेट, पोटॅशियम पेशींत ढकलण्यासाठी इन्सुलिन-डेक्स्ट्रोज आणि साल्ब्युटामॉलची वाफ, व शेवटी डायलिसिस असा क्रम असतो. भाज्या चिरून, भरपूर पाण्यात उकळून ते पाणी टाकून दिले की पोटॅशियम बरेच उतरते. स्टारफ्रूट, म्हणजे कोकणातले करमळ, या रुग्णांनी पूर्ण वर्ज्य करावे. त्यातल्या विषामुळे डायलिसिसच्या रुग्णांना न थांबणारी उचकी, फिट आणि मृत्यूही ओढवले आहेत.

डायलिसिस क्रिएटिनिनच्या ठरावीक आकड्यावर सुरू करत नाहीत. लक्षणे नसताना लवकर सुरू करून आयुष्य वाढत नाही, हे २०१० च्या एका मोठ्या चाचणीत दिसले. चार तासांच्या एका फेरीत रुग्णाचे रक्त सुमारे १२० लिटर द्रवाच्या संपर्कात येते, म्हणून त्यासाठीचे पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ संयंत्राची देखभाल ही तंत्रज्ञाची किरकोळ बाब नाही. हेपटायटिस बी लागण झालेल्यांसाठी स्वतंत्र मशीन लागते. इतरांना लस दुप्पट मात्रेने द्यावी लागते. आठवड्यातून तीन फेऱ्या योग्य मानल्या जातात, पण आपल्याकडे खर्च आणि प्रवास यांमुळे दोनच फेऱ्या अनेकांच्या वाट्याला येतात. २०१६ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमामुळे जिल्हा रुग्णालयांत मशीन आली. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस आणि प्रत्यारोपण दोन्ही येतात. तरीही रुग्णासोबत येणाऱ्याची बुडालेली मजुरी आणि एसटीचे भाडे कुठल्या योजनेत नीट बसत नाही.

प्रत्यारोपणाची शक्यता असेल तर रक्त चढवणे टाळतात, कारण त्यातून तयार होणाऱ्या प्रतिपिंडांमुळे पुढे जुळणारे मूत्रपिंड मिळणे कठीण होते. रक्तक्षयासाठी लोह आणि रक्तपेशी वाढवणारे एरिथ्रोपोएटिन वापरतात. भारतात १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याने हा व्यवहार बांधला आहे. मेंदूमृत दात्यांचे अवयव महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील विभागीय समन्वय केंद्रांमार्फत वाटले जातात. जिवंत दात्यांत मात्र आई, पत्नी, बहीण यांचीच संख्या मोठी, आणि मूत्रपिंड मिळणाऱ्यांत पुरुषांची. एक मूत्रपिंड दिलेल्या व्यक्तीलाही दरवर्षी रक्तदाब, क्रिएटिनिन आणि लघवीतले अल्ब्युमिन तपासून घ्यावे लागते. रुग्णाच्या फाइलवर भेटीच्या तारखा टिपलेल्या असतात. दात्याची स्वतंत्र फाइल फार थोड्या ठिकाणी ठेवली जाते.